बुवांचा शब्द आणि टाळाचा नाद : एका भजनी मंडळाच्या मिक्सिंगच्या नोंदी

१८ जानेवारी २०२५, शनिवार. गाव, रात्री साडेअकरा

रेकॉर्डिंग झालं. विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात सात रचना झाल्या: रूपाचा अभंग, चार अभंग, एक गौळण, शेवटी भैरवी. सगळं मिळून ७० मिनिटं.

बुवा यंदा ७४ वर्षांचे. तरुणपणी पेटीच्या पांढरी चार पट्टीत गायचे, आता त्याहून खालच्या काळी दोनवर आले आहेत. त्यांच्या चाली कुठेही उतरवलेल्या नाहीत, त्या त्यांच्या गळ्यात आहेत आणि थोड्या मंडळाच्या कानात. त्या राहाव्यात म्हणून हे काम हाती घेतलं. तुकाराम बीजेच्या दिवशी, १६ मार्चला, मंडळाच्या हातात तयार ध्वनिफीत द्यायची असं ठरलं आहे.

माइक सहा लावले. बुवांसमोर एक डायनॅमिक (जवळचा आवाज जास्त घेणारा), पेटीवर एक कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा), आबांच्या पखवाजाला दोन (एक शाईच्या बाजूला, एक धुम्याला, म्हणजे कणीक लावलेल्या खर्जाच्या बाजूला) आणि टाळकऱ्यांसमोर कंडेन्सरची जोडी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने, प्रत्येक २४ बिटचा. पंखे बंद केले, ट्यूबलाइट मात्र बंद करता आली नाही.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती भरून घ्यायचा ते, लावताना एक गोष्ट शिकले. सरावात बुवा जेवढ्या आवाजात गातात तेवढ्यावर पातळी ठरवली असती तर गजराला सगळं फुटलं असतं. डिजिटलमध्ये शून्य डीबी हे छत. त्याच्या वर काही नसतं, लाट सपाट कापली जाते आणि ती नंतर कशानेच भरून निघत नाही. म्हणून बुवांना आधी गजरच म्हणायला लावला आणि सर्वांत उंच टोक उणे १२ डीबीच्या जवळ ठेवलं. वरची ती मोकळी जागा म्हणजे हेडरूम. २४ बिटमध्ये खालची जागा इतकी आहे की आवाज थोडा कमी भरला तरी काही बिघडत नाही.

बैठकीवरून मात्र थोडं बोलणं झालं. टाळकऱ्यांना बुवांपासून चार हात लांब बसवावं असं मला वाटत होतं, म्हणजे बुवांच्या माइकमध्ये टाळ शिरला नसता. बुवा म्हणाले, "अगं, टाळ कानाशी नसला तर मी कशाला धरून गाऊ?" मग नेहमीसारखेच बसले. बुवांच्या माइकमध्ये टाळ भरपूर आला आहे. एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरणं, ज्याला ब्लीड म्हणतात, ते या कामात शेवटपर्यंत सोबत असणार.

१९ जानेवारी, रविवार. पुणे

फायलींना नावं दिली: बुवा, पेटी, शाई, धुमा, टाळ डावा, टाळ उजवा. साडेतीन जीबीच्या वर माल आहे. दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर प्रती केल्या. कोण कुठे बसलं होतं आणि कोणता माइक किती अंतरावर होता याचा हाताने काढलेला नकाशा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाकला.

२५ जानेवारी, शनिवार

आज एकही प्लगइन, म्हणजे आवाज बदलणारं जोड-सॉफ्टवेअर, उघडायचं नाही असं ठरवून बसले. सहा ट्रॅकच्या पातळीच्या सरकपट्ट्या, म्हणजे फेडर, खाली ओढले, सगळं मोनो केलं (डावं-उजवं एकच) आणि फक्त पातळ्या जुळवल्या.

गेन आणि फेडर यांत माझा गोंधळ व्हायचा. दोन्हींनी आवाज कमीजास्त होतो, मग दोन कशाला? आता शेतावरच्या भाषेत डोक्यात बसलं आहे. विहिरीतून पाणी किती उपसायचं ते गेन. उपसलेलं पाणी कुठल्या वाफ्याला किती सोडायचं ते फेडर. मिक्सिंग म्हणजे दारं धरणं. एका वाफ्याचं दार उघडलं की दुसऱ्याचं पाणी कमी होतं, इथेही तसंच आहे. पेटी वर केली की बुवा मागे जातात, जरी त्यांच्या फेडरला कुणी हात लावलेला नसला तरी.

डेसिबल हे माप नसून तुलना आहे हेही आज नीट कळलं. उणे ६ म्हणजे लाटेची उंची अर्धी. पण कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डीबी उतरावं लागतं. म्हणून एक-दीड डीबीचा फेरफार केल्यावर "काही बदललं का?" असं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी ऐकलं की त्याच दीड डीबीने अख्ख्या ओळीचा तोल बदललेला असतो.

दोन तासांनी जे हाती आलं ते कच्चं होतं, पण भजन वाटत होतं. ही प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवली: 'कच्ची १'. पुढे काय काय बिघडवलं ते कळायला ती लागेल.

एक नोंद: चौथ्या रचनेपासून धुम्याचा आवाज पातळ वाटतो. पहिल्या तीनमध्ये जो पोटातून येणारा घुमारा आहे तो पुढे नाही. कारण कळत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस पखवाजाचा.

शाईचा ट्रॅक एकटा ऐकला तर उत्तम, धुम्याचा एकटा ऐकला तर उत्तम. दोन्ही एकत्र लावले की पखवाज पोकळ. पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखा.

कारण पखवाजाच्या अंगातच आहे. शाईवर थाप पडली की ते कातडं आत दबतं, आतली हवा ढकलली जाते आणि धुम्याचं कातडं बाहेर फुगतं. एका माइकला लाट खाली जाताना दिसते, त्याच क्षणी दुसऱ्याला वर येताना. दोन्ही मिसळल्या की एकमेकींना खातात, खालचे स्वर तर जास्तच. याला पोलॅरिटी उलट असणं म्हणतात. धुम्याच्या ट्रॅकवरचं एक बटण दाबलं, शून्याला छेद दिलेली ती खूण, आणि पखवाज समोर येऊन बसला. इक्वलायझरने, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमीजास्त करण्याच्या साधनाने, हे सात जन्मांत झालं नसतं.

फेज हा शब्द याच घरातला, पण थोडा वेगळा. तिथे लाट उलटलेली नसते, उशिरा पोचलेली असते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. टाळांसमोरची जोडी बुवांपासून २ मीटरवर होती. बुवांचा शब्द त्यांच्या माइकमध्ये लगेच पोचला आणि जोडीत सहा मिलिसेकंदांच्या आसपास उशिराने. एकच शब्द दोनदा मिसळला की काही कंप्रता वाढतात, काही पुसल्या जातात. आलेखावर ती कंगव्याच्या दातांसारखी दिसते म्हणून कोम फिल्टरिंग असं नाव. कानाला ते नळीतून बोलल्यासारखं लागतं.

जोडीचे ट्रॅक तेवढे पुढे सरकवून पाहिले. बुवांचा आवाज घट्ट झाला, पण टाळ फाटला. टाळ आधी जोडीत आणि मग बुवांच्या माइकमध्ये पोचतो, त्यामुळे सरकवल्यावर त्या दोघांतलं अंतर आणखी वाढलं. एकाचं जुळवायला जावं तर दुसऱ्याचं सुटतं. पूर्ववत केलं. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलेलं आहे की साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा आवाज कान वेगळा मोजत नाही, पहिल्यातच धरतो. एवढा उशीर मंदिरात बसलेल्या माणसाच्या कानालाही असतोच. जोडीचा फेडर दोन डीबी उतरवल्यावर नळीचा भास गेला.

९ फेब्रुवारी, रविवार

काल एकादशी, गावी भजन होतं, जाता आलं नाही. आज इक्वलायझर.

शिकण्याच्या नादात शब्दांची वही केली आहे. इंग्रजी शब्द वाचून कानाला काही कळत नाही, म्हणून प्रत्येकापुढे आपल्याकडचं विशेषण लिहिलं. २०० ते ४०० हर्ट्झमध्ये गर्दी झाली की आवाज गढूळ. ४००-५०० वर फुगवटा आला की कोंदट, बंद कपाटातून आल्यासारखा. अडीच-तीन हजारांत जास्त झाला की बोचरा. ६-८ हजारांत स आणि श शिट्टी मारायला लागतात. १० हजारांच्या वर जो मोकळेपणा आहे त्याला मी उघडा म्हणते. ही वही सगळ्यात जास्त कामाला आली, कारण आता कान आधी म्हणतो "गढूळ", मग हात योग्य जागी जातो.

बुवा माइकच्या फार जवळ गात होते. जवळ आलं की अशा माइकमध्ये खालचे स्वर फुगतात. ३०० हर्ट्झच्या आसपास रुंद हाताने ३ डीबी काढले. खालचं अनावश्यक कापणारा हाय-पास फिल्टर कुठे लावायचा यासाठी गणित केलं: काळी दोनचा षड्ज १५५ हर्ट्झच्या थोडा वर, मंद्र पंचम ११६च्या जवळ. बुवा त्याखाली जात नाहीत. म्हणजे ८५वर कापलं तर गळ्याचं काही जात नाही, फक्त सतरंजीवरची पावलं आणि माइकच्या स्टँडचे धक्के जातात.

पेटीच्या ट्रॅकवर ट्यूबलाइटची घरघर आली आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५०, १०० आणि १५०वर तिच्या रेघा दिसतात. ५० आणि १०० निर्धास्त कापले. १५०ला मात्र हात थरथरला, कारण शेजारीच, साडेपाच हर्ट्झवर, बुवांचा षड्ज आहे आणि पेटी तोच धरून बसलेली असते. अगदी अरुंद खाच केली. षड्ज वाचला, थोडी घरघर उरली. उरू दे.

मग खरा प्रश्न: शब्द. पेटी बुवांच्या मागोमाग त्याच सुरांवर चालते, त्यामुळे दोघांचा आवाज एकाच पट्ट्यात येतो आणि एक दुसऱ्याला झाकतो. याला मास्किंग म्हणतात. पहिली ऊर्मी बुवांना तीन हजारांवर वाढवायची होती. ते केलं आणि त्यांच्या माइकमधला टाळही तेवढाच वाढून कानात घुसला. उलटं केलं: बुवांना हात न लावता पेटीतून अडीच-तीन हजारांच्या भागात ३ डीबी काढले. "ळ" आणि "ण" कळायला लागले. पेटी एकटी ऐकली तर आता मंद वाटते, पण ती एकटी कुणी ऐकणार नाही.

सोलो बटण दाबून एकेक वाद्य सुंदर करत बसणं हा या कामातला मोठा मोह आहे. आजपासून इक्वलायझर सगळं चालू ठेवूनच लावायचा.

धुमा चौथ्या रचनेपासून पातळ होता, तिथे ८०च्या आसपास ३ डीबी वाढवले. आवाज मोठा झाला, घुमारा आला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

कॉम्प्रेसर. तीन संध्याकाळी यात गेल्या.

आधी शब्द नीट लिहून घेते. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा, तो ओलांडला की कॉम्प्रेसर जागा होतो. रेशो म्हणजे ओलांडलेल्यातलं किती राहू द्यायचं. उंबरठा उणे २०वर, आवाज आला उणे १२चा, म्हणजे ८ डीबी वर. रेशो चारास एक असेल तर त्या आठातले दोनच उरतात आणि आवाज उणे १८ला बाहेर पडतो. अटॅक म्हणजे ओलांडल्यावर किती लवकर पकडायचं, रिलीज म्हणजे किती लवकर सोडायचं. आणि सगळं दाबून झाल्यावर जेवढं खाली गेलं तेवढं पुन्हा उचलायचं, तो मेकअप गेन.

व्याख्या पाठ होत्या. कानाने शिकायला मात्र चुका कराव्या लागल्या.

पखवाजावर अटॅक एक मिलिसेकंद ठेवला. थापेचं टोक, बोटं कातडीला लागताना होणारा तो कडक क्षण, तोच पकडून दाबला गेला. "धा" वाजतोय पण लागत नाही. अटॅक ३० मिलिसेकंदांवर नेला, टोक निसटून गेलं आणि मागचा नाद तेवढा आवरला. आता "धा" लागतो.

बुवांवर चारास एक लावला. आलाप हळू आणि गजर मोठा, दोन्ही एका पातळीवर येतील म्हणून. आले. पण बुवा श्वास घेतात त्या फटीत टाळ उसळी मारून वर यायला लागला. दोन दिवस कारण शोधत होते. कॉम्प्रेसर मोठ्याला खाली दाबतो आणि मेकअप गेन सगळ्यालाच वर उचलतो, म्हणजे जे आधी मागे होतं ते पुढे येतं. बुवांच्या माइकमध्ये मागे होता टाळ. हळू आवाज मोठा करण्याचं हे यंत्र आहे हे वाचून कळलं नसतं.

उपाय हाताचा. कॉम्प्रेसर दोनास एक, जास्तीत जास्त २-३ डीबी दाबेल एवढाच. बाकी फेडरचं ऑटोमेशन: ओळीमागून ओळ ऐकायची, शब्द बुडाला तिथे दीड डीबी वर, गजराला दोन खाली. सात रचना, ७० मिनिटं. अर्ध्यावर आले आहे. हे करताना बुवांची प्रत्येक ओळ वीसेक वेळा ऐकली जाते. ते कुठल्या अक्षरावर विसावतात, कुठे शेवटचा स्वर मुद्दाम सोडून देतात म्हणजे मागून साथीला गाणाऱ्या झीलकऱ्यांनी तो उचलावा, हे मला लहानपणापासून ऐकूनही कधी दिसलं नव्हतं.

टाळाच्या जोडीवरही कॉम्प्रेसर लावला, जरा कडक, म्हणजे टाळ आवरेल. आवरला. आता तो एका पातळीत राहतो आणि शब्दावर चढत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पॅनिंग, म्हणजे डावीकडून उजवीकडे कुणी कुठे बसायचं. ॲलन ब्लमलाइन यांनी स्टिरिओचं पेटंट १९३१ मध्ये मागितलं, तेव्हापासूनची ही कल्पना: दोन स्पीकरच्या मधे एक बैठक उभी करायची.

पखवाज डावीकडे, पेटी उजवीकडे ठेवली होती, आणि का कोण जाणे, ऐकताना डोकं दुखत होतं. नकाशाचा फोटो उघडून पाहिला. जोडीच्या माइकच्या बाजूने बघितलं तर आबा उजवीकडे बसले होते! त्यांचा पखवाज जोडीत उजवीकडून येतोय आणि मी त्याला डावीकडे ओढतेय. बदलल्याबरोबर सगळे आपापल्या जागी बसले. बुवा मधोमध.

मोनो करून पुन्हा तपासलं. मंदिराचा भोंगा मोनोच आहे आणि निम्मे लोक मोबाइलवर ऐकतील.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

सुट्टी. बुवांचं ऑटोमेशन पूर्ण झालं.

१ मार्च, शनिवार. गाव

दुपारी मंदिरात फुगे फोडले. गुरव काकांना आधी विचारलं होतं. तरीही पहिल्या फुग्याला कबुतरं उडाली.

बुवांचा माइक तोंडाशी असल्यामुळे त्यांचा आवाज कोरडा आहे, बाकी सगळे मंडपात बसल्यासारखे. त्यांना त्याच मंडपात बसवायचं तर रिव्हर्ब हवा. तयार रिव्हर्बमध्ये परदेशी चर्च आणि हॉल असतात, मला आमचा दगडी मंडप हवा होता. फुगा फुटतो तो एक क्षणाचा आवाज असतो, त्यामागे जे उरतं तो मंडपाचा स्वतःचा आवाज. तो रेकॉर्ड करून कन्व्होल्यूशन रिव्हर्बला दिला की कुठलाही आवाज त्या जागेत नेता येतो.

वॉलेस सॅबाइन यांचं काम याच ठिकाणी आठवतं. हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात शब्द कळत नव्हते, तेव्हा १८९०च्या दशकात त्यांनी दुसऱ्या सभागृहातल्या गाद्या रात्री आणून, मांडून, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. आवाज ६० डीबी खाली यायला लागणारा वेळ हे माप तिथूनच आलं. खोली तीच, पण गाद्या वाढल्या की घुमणं कमी. आमच्याकडेही तसंच निघालं: रिकामा मंडप पावणेदोन सेकंद घुमला, आणि १८ जानेवारीच्या रात्री सतरंज्या आणि तीसेक माणसं असताना तो तेवढा घुमत नव्हता. म्हणून फुग्याचा रिव्हर्ब तसाच न लावता शेपूट कापून सव्वा सेकंदावर आणलं.

रिव्हर्ब थेट ट्रॅकवर न टाकता सेंडने वेगळ्या वाटेवर पाठवला, म्हणजे कोरडा आवाज तसाच राहतो आणि ओला आवाज हवा तेवढाच मिसळता येतो. प्री-डिले २५ मिलिसेकंद, शब्द आधी पोचतो, मंडप मागून. रिव्हर्ब बंद केल्यावर "काहीतरी गेलं" असं वाटावं आणि चालू असताना तो दिसू नये, इतकाच ठेवला.

८ मार्च, शनिवार

मोठ्या आवाजात सगळंच चांगलं वाटतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज हळू असला की कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात, मधले टिकतात. मोठ्याने ऐकून धुमा ठरवला तर हळू ऐकणाऱ्याला तो मिळणारच नाही. म्हणून आज सगळं बोलण्याच्या पातळीवर ऐकलं. शब्द कळतात का? कळतात. स्वयंपाकघरातून, दार लोटून ऐकलं. तरी कळतात.

एकूण पातळी उणे १६ लफ्स ठेवली. हे माप कानाच्या जवळचं आहे, नुसतं सर्वांत उंच टोक न बघता सगळ्या वेळातला आवाज मोजतं. खरं टोक उणे १च्या वर जाऊ दिलं नाही. आणखी मोठं करता आलं असतं, पण बुवांच्या हळू आलापाची जागा गेली असती.

९ मार्च, रविवार. गाव

बुवांना ऐकवलं. पेटीवाले काका, आबा, तीन टाळकरी, सगळे जमले. मी दोन चांगले स्पीकर गाडीतून नेले होते.

बुवा डोळे मिटून पहिले दोन अभंग ऐकत होते. मला वाटत होतं त्यांना आपला शब्द इतका स्वच्छ ऐकून आनंद होईल. झालाही, ते म्हणाले, "शब्द छान सुटला आहे." मग थांबले आणि म्हणाले, "पण बाळ, टाळ कुठं गेला?"

मी म्हटलं, आहे की. फेडर दाखवला.

"आहे गं. वाजतोय. पण बोलत नाही."

टाळकऱ्यांपैकी थोरले म्हणाले, "आम्ही सगळी रात्र एकसारखं वाजवलं की काय? असं तर कधी होत नाही."

घरी परतताना गाडीत 'कच्ची १' लावली. खंबाटकीचा घाट संपेपर्यंत ऐकत होते.

१२ मार्च, बुधवार

सापडलं.

'कच्ची १' मध्ये टाळ बोलतो. बुवा गात असताना टाळकरी टाळ दाबून, जवळ धरून वाजवतात. आवाज कमी, नाद आखूड. बुवांनी शेवटचा स्वर सोडला आणि झील उचलली की हात मोकळे होतात, टाळ उघडा पडतो, पुढच्या चार मात्रांत मंडप भरतो. परत बुवांचा शब्द आला की पुन्हा दाब. प्रत्येक ओळीला हा श्वास आहे. शब्दाला वाट करून द्यायची असते हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. ते काम मी सहा आठवडे यंत्राकडून करून घेत होते.

आणि मी काय केलं? जोडीवर कडक कॉम्प्रेसर लावला. त्याने उघडा टाळ खाली दाबला, दाबलेला टाळ वर उचलला, दोन्ही सारखे केले. मग तो शब्दावर येतोय असं वाटून फेडर आणखी उतरवला. १६ फेब्रुवारीला "आवरला" असं लिहिलं आहे. त्या दिवशी मी त्यांचं वाजवणं पुसलं होतं.

मधे एक युक्ती सुचली होती, साइडचेन: बुवांचा आवाज आला की जोडी आपोआप दोन डीबी खाली जाईल, थांबला की वर येईल. लावूनही पाहिली. मग लक्षात आलं की टाळकरी हेच करतात, आणि यंत्रापेक्षा अर्धा मात्रा आधी करतात, कारण ओळ कुठे संपणार ते त्यांना माहीत असतं. साइडचेन काढली. जोडीवरचा कॉम्प्रेसर काढला. फेडर ३ डीबी वर.

शब्द बुडाला का? दोनच ठिकाणी, गौळणीत. तिथे बुवांना हाताने एक-एक डीबी दिला.

रेकॉर्डिंगच्या रात्री बुवांनी जागा सोडायला नकार दिला होता, त्याचाही अर्थ आज लागला. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं तेव्हा मायक्रोफोन नव्हता, शिंग होतं. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५ नंतरचं. तोवर मिक्सिंग म्हणजे कोण शिंगाच्या किती जवळ उभा राहतो एवढंच होतं. भजनी मंडळाची बैठकही तशीच कित्येक वर्षं वापरून, ऐकून बसलेली आहे. पेटी बुवांच्या कोणत्या कानाशी, पखवाज किती हातांवर, टाळ कुठल्या ओळीत, सगळं आधीच जुळवलेलं. मला त्या तोलात ढवळाढवळ न करता तो पोचवायचा होता.

१४ मार्च, शुक्रवार

अंतिम प्रत काढली. सगळे कच्चे ट्रॅक, जागेचा नकाशा, फुग्याच्या फायली, शब्दांची वही, सगळं दोन ड्राइव्हवर. एक ड्राइव्ह मंडळाच्या कपाटात राहील.

१६ मार्च, रविवार, बीज. गाव

दुपारी भजन झालं, संध्याकाळी मंदिरात भोंग्यावर आमची प्रत लागली. मोनोत पखवाज पोकळ होईल ही धास्ती होती. झाला नाही. बुवा खांबाला टेकून बसले होते. दुसऱ्या अभंगाला झील उठली तेव्हा समोरच्या टाळकऱ्यांचे हात मांडीवर आपोआप हलायला लागले.

चौथी रचना सुरू झाल्यावर आबा माझ्याकडे वळले. "इथं धुमा चढलाय."

मी म्हटलं, हो, तिथून पुढे तो पातळ आहे, मी खालून ३ डीबी वाढवलेत पण भरत नाही.

"कशानं भरणार? कणीक वाळली होती. वाळली की हलकी होते, धुमा वर चढतो. त्या रात्री पंखे बंद, सगळे घामाघूम, मध्ये थांबायला कुणी तयार नव्हतं. मलाही वाटलं, चालून जाईल."

ते ३ डीबी उद्या काढून टाकायचे. नुसता आवाज मोठा झाला आहे, चढलेला धुमा तसाच ऐकू आला तरी चालेल. आषाढीच्या आधी उरलेल्या चाली रेकॉर्ड करायच्या आहेत. नकाशाच्या कागदावर लिहून ठेवलं: तिसऱ्या रचनेनंतर थांबायचं, आबा कणीक बघतील.